जड अंगाला वेळ लागतो

सलूनवाल्यानं उत्तरेश्वरची मान उजवीकडं मोडली तेव्हा 'कट' असा आवाज आला. तो नेहमीचा होता. दाढीबरोबर तो मिळतोच. मग त्यानं डावा हात धरून मागं ओढला आणि दुसरा आवाज आला. हा नेहमीचा नव्हता. उसाच्या फडात वाळल्या पाचटावरून कोणीतरी दबक्या पावलानं चालत जावं तसा तो होता, आणि तो खांद्याच्या आतून आला. सलूनवाल्याचा हात थांबला. आरशात दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "काका, आत कुणीतरी चालतंय," सलूनवाला म्हणाला. तो विनोदी माणूस नव्हता. त्यानं हात सोडला आणि आपले तळवे टॉवेलला पुसले, खांद्यातलं काही बोटांना लागलं असावं तसे. बाहेर बीडच्या रस्त्यावर टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या बायकांचा गलका चालला होता, पंखा गरम हवा इकडची तिकडं करत होता आणि उत्तरेश्वर अर्ध्या गालाला फेस लावून बसला होता. खांदा दुखत नव्हता. दुखला असता तर बरं वाटलं असतं. दुखतं ते आपलं असतं. हा आवाज आपला वाटेना.

असा आवाज एखाद्या दिवशी येईल, हे मुंबईच्या डॉक्टरनं फार पूर्वी सांगून ठेवलं होतं. बीड जिल्ह्यातला माणूस समुद्रात पाणबुड्या म्हणून नोकरी करतो, ही गोष्ट गावानं अजूनही पुरती मान्य केली नव्हती. ऊस तोडायला गेला असेल आणि थापा मारतो, असंच सर्वसाधारण मत होतं. पण तो खरंच गेला होता, आणि मेंढरं राखणारा सिदूही गेला होता. समुद्रातल्या तेलविहिरींच्या लोखंडी पायांना खाली जाऊन जोड द्यायचे, गंज खरवडायचा, असं काम. दोघं जोडीनं उतरायचे आणि जोडीनं वर यायचे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. उत्तरेश्वर आणि सिदू स्वतःला एक कोयता म्हणवून घेत. खोली तीच, वेळ तोच, वर येताना मधे कुठं किती थांबायचं त्याचा तक्ता तोच. आणि शेवटी एक्स-रे निघाले तेव्हा सिदूची हाडं नव्या बैलगाडीसारखी निघाली आणि उत्तरेश्वरच्या डाव्या खांद्याच्या हाडाचं डोकं आतून मेलेलं निघालं. माणूस जिवंत, हाड मयत. त्याला तेव्हा हसू आलं होतं, कारण अशा वेळी सुतक कोणी धरायचं, हे त्याला कळेना.

"एकच कोयता की ओ डॉक्टर, मग ह्येलाच कावून?" सिदूनं विचारलं होतं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं सांगितलं की खोल पाण्याचा दाब श्वासातली हवा रक्तात कोंबतो, रक्त ती मांसाला देतं, चरबीला देतं. मांस घेतं आणि लगेच परतही करतं. चरबीचं लग्नाला आलेल्या मामासारखं आहे. उशिरा येते, पण एकदा बसली की निघायचं नाव घेत नाही. माणूस हळू वर आला तर ती हवा आल्या वाटेनं निघून जाते. घाई केली तर जिथं असेल तिथंच तिचे बुडबुडे होतात: गुडघ्यात, खांद्यात, नाहीतर कण्यात. "आणि तक्ता?" उत्तरेश्वरनं विचारलं. तक्ता परदेशी आरमारातल्या पंचविशीच्या पोरांवर बेतलेला होता, ज्यांना पोट नावाची गोष्ट ठाऊक नव्हती. तोच मग जगातल्या सगळ्या अंगांना लागू झाला, रेशनच्या साखरेसारखा, माणशी तेवढीच. कोणाचं वय झालेलं, कोणाचं हाड कधीकाळी मोडलेलं, कोणाच्या अंगात दिवसभर पाण्याचा थेंब नाही, ते तक्त्याला दिसत नाही. "ह्याच्यापुढं उतरू नका," डॉक्टर म्हणाला, "आणि उतरलातच तर तक्ता सांगेल त्याच्या दुप्पट थांबा. तुमच्या अंगाला वेळ लागतो." तक्त्याप्रमाणं चोख वर आलेला मंगळूरकडचा एक जाडजूड गडी उत्तरेश्वरनं पाहिला होता. वर आला, हसला, चहा प्याला, चहाला साखर कमी आहे म्हणाला, आणि उठायला गेला तर कमरेखालचे पाय त्याला ओळख देईनात. तो आपल्या मांडीवर थापटी मारत होता आणि ती दुसऱ्या कोणाच्या मांडीवर बसत होती. तो चेहरा उत्तरेश्वरला अजून दिसायचा, बहुतेक जेवताना.

अर्ध्या दाढीतच फोन वाजला. मोहनराव होते, गावच्या उपसा सिंचन सोसायटीचे चेअरमन. उत्तरेश्वर त्याच सोसायटीच्या बीडमधल्या खतदुकानात बसायचा; म्हणजे ते त्याचे मालकच, फक्त सहकारात तसं म्हणत नाहीत.

"कुठं हायेस बे?"

"दाढीला."

"झाली तेवढी बास. मोटार गेली."

"कुणी नेली?"

"नेली असती तर पोलिसात गेलो असतो. साखळी तुटून खाली गेली. खाणीच्या तळाला जाऊन बसलीय. गळ टाकले तर गळबी तितंच राह्यले. आता तूच."

"मी खत विकतो, चेअरमन."

"खत घ्यायला पाऊस पडावा लागतो, उत्तरेश्वर. जीप धाडलीय."

खाण म्हणजे गावच्या तलावाच्या पोटातली खाण. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं कामं काढली, तेव्हा धरणाच्या भिंतीसाठी तिच्यातून दगड काढला. पुढं तलाव भरला आणि खाण पाण्याखाली गेली. आता तलाव आटून पापडासारखा झाला होता आणि मधे तेवढी खाण उरली होती, काळ्या पाण्यानं भरलेली, उभ्या कडांची. तीन गावं आणि सोसायटीची चारा छावणी त्या पाण्यावर होती. बहात्तरनंतर असा दुष्काळ पाहिला नाही, असं सगळे म्हणत, ज्यांचा जन्म बहात्तरनंतरचा होता तेही. खाणीची खोली गाव परसात मोजायचं, सोळा-सतरा परस. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. कोणता माणूस, हे कोणी कधी विचारलं नव्हतं.

"त्या डॉक्टरनं पाण्यात जायचं न्हाई म्हणलंय ना?" विमलबाई, त्याची बायको, पलंगाखालचं सामान ओढायला मदत करत म्हणाली. "समुद्राच्या पाण्यात म्हणलंय," उत्तरेश्वर म्हणाला. पलंगाखाली हवेच्या नळकांड्या होत्या, तोंडात धरायच्या नळ्या, कंपनीनं मोडीत काढलेला हवा भरायचा कॉम्प्रेसर. गावी परतल्यावर जिल्ह्यात कोणी विहिरीत, तलावात गेलं की पोलीस त्याला बोलवायचे. गेली दोन वर्षं बोलावणं आलं नव्हतं. बुडण्यापुरतंसुद्धा पाणी कुठं नव्हतं. विमलबाईनं त्याच्या पोटावर पट्टा आवळून पाहिला. शेवटचं भोक कमी पडलं. तिनं गरम खिळ्यानं नवं पाडलं. चौसाळ्याच्या अलीकडं जीप आत वळली तेव्हा उत्तरेश्वरनं सहज खांदा फिरवून पाहिला. पाचटावर दोन पावलं वाजली आणि थांबली, जणू आतला जो कोणी होता तोही कान देऊन होता.

खाणीच्या काठावर अख्खा गाव बसला होता. बोलत कोणी नव्हतं. दुष्काळात माणसं बोलणंही राखून वापरतात. सिदू छावणीतून आला, बाभळीच्या फोकासारखा, तसाच्या तसा. त्याला पाहिलं की उत्तरेश्वरला वाटे, आपण दोघांनी मिळून जे काही खाल्लं ते सगळं आपल्याच अंगी लागलं. "लई सुटलास बे उत्तऱ्या," सिदू म्हणाला. "तुला खाली जायला शिसं बांधायचं का वर यायला?" काठाच्या एका कोपऱ्यात शेंदूर फासलेले सात दगड होते, पाण्यातल्या आसरांचे. म्हातारी भिवराबाई त्यांचं बघायची. तिनं दोघांना हळदीकुंकू लावलं आणि नियम सांगितला: खाणीत उतरणाऱ्यानं सकाळपासून दुसरं पाणी पोटात घ्यायचं नाही. परकं पाणी घेऊन गेलेला त्यांना चालत नाही. उत्तरेश्वरला सांगता आलं असतं की मावशी, खोल जाणाऱ्याच्या अंगात पाणी लागतं, नाहीतर रक्त घट्ट होतं आणि हवा बाहेर काढायला त्याला बळ राहत नाही. पण समोर रिकाम्या घागरी घेऊन गावच्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यादेखत घटाघटा पाणी पिणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं मान डोलावली. सिदू मेंढरांमागं जाऊन तोंड पुसत आला. "म्या इचारलं आसरांला," तो हळूच म्हणाला. "म्हन्ल्या, सिदू, तू पी."

सकाळी एकदा उतरून त्यांनी मोटार हुडकली. खडकाच्या कपारीत आडवी पडली होती, भोवती गळांचं जाळं. वर आले तेव्हा चौघांनी हात धरून उत्तरेश्वरला काठावर ओढला. पाण्यापासून काठ कमरेइतका उंच होता आणि सिदू मात्र सरड्यासारखा आपला आपण चढला. दुपारी पुन्हा उतरायचं होतं. दुसऱ्यांदा उतरणारं अंग पहिल्या खेपेची हवा घेऊनच उतरतं, हे उत्तरेश्वरला ठाऊक होतं, आणि दोघांच्या अंगात ती सारखी उरलेली नसणार, हेही. म्हणून त्यानं जादा नळकांडं एका वेगळ्या दोराला बांधून खाणीच्या भिंतीलगत, वर येताना थांबायच्या जागेपर्यंत, पाण्यात सोडायला लावलं, आणि मोहनरावांना बजावून सांगितलं: "सिदू आधी येईल. मी मागनं, उशिरा येईन. माझं अंग जड आहे, मला मधे थांबावं लागतं. माझ्या कमरेचा दोर ओढायचा नाही."

"जड हायेस म्हणून तर लवकर वडावं लागंल," मोहनराव म्हणाले. लोक हसले. उत्तरेश्वरही हसला. आणि हसल्यावर समजावून सांगायची वेळ निघून गेली.

खाली अंधार होता, पण अंधारापेक्षा थंडी आधी भेटली. तिसऱ्या-चौथ्या परसाखाली उन्हाळा संपला. दिव्याचा उजेड गढूळ पाण्यात वितभर जाऊन परत यायचा. तळाशी पोचल्यावर नेहमीचं वेड लागलं. खोल पाण्यात ते सगळ्यांनाच थोडंफार लागतं, अंगाअंगाप्रमाणं. सिदूला राग यायचा. उत्तरेश्वरला सगळं ओळखीचं वाटायला लागायचं. मोटार त्याला लहानपणीच्या म्हशीसारखी वाटली, तिच्या पाठीवर त्यानं प्रेमानं हात फिरवला. सिदूनं त्याच्या डोक्यात टप्पल मारली तेव्हा तो भानावर आला आणि दोघांनी साखळी अडकवली. वरून ओढ लागली. म्हैस उठली, डोलली, चिखलाचा ढग करत त्यांच्या मधून वर निघून गेली. मागोमाग दोघं निघाले, आपल्याच बुडबुड्यांच्या मागं मागं, त्यांच्याहून हळू.

खाणीच्या भिंतीला सुरुंगांनी पाडलेले टप्पे होते, पायऱ्यांसारखे. वरून दुसऱ्या टप्प्यावर, जिथं पाणी हिरवट व्हायला लागायचं, तिथं दोघं थांबले. तक्त्यानं सांगितलेला वेळ झाला. सिदूनं अंगठ्यानं वर दाखवलं. उत्तरेश्वरनं तळवा आडवा धरला, तू जा. सिदूनं आपलं पोट दाबून दाखवलं, मग त्याचं पोट दाबून दाखवलं, समजल्यासारखी मान हलवली आणि त्याचे काटकुळे पाय हिरव्या उजेडात वर वर जाऊन नाहीसे झाले. उत्तरेश्वर टप्प्यावर बसला. दगडी बाकावर, हातात जादा नळकांड्याचा दोर धरून, एखाद्या कचेरीत साहेब यायची वाट बघणारा माणूस बसतो तसा. त्यानं श्वास लांबवला. करायचं काहीच नव्हतं. त्याचं पोट, त्याच्या मांड्या, वर्षानुवर्षं खुर्चीत बसून कमावलेलं ते सगळं आता आपल्या सवडीनं हवा सोडणार होतं, आणि त्यानं फक्त तिला मोकळीक द्यायची होती. तोंडात नळी आणि चहूबाजूंनी पाणी, आणि जीभ तहानेनं टाळूला चिकटलेली. हे पिता येणार नाही असं नव्हतं. पण भिवराबाईला कळलं असतं, असं त्याला उगीचच वाटलं.

मग टकटक ऐकू आली. पाण्यात आवाजाला दिशा नसते; तो सगळीकडून येतो, कवटीच्या आतूनही येतो. आधी त्याला वाटलं खांदा. त्यानं खांदा स्थिर धरला. टकटक चालूच राहिली. एक हातोडी नव्हे, अनेक. एका तालात नाही, पण एकमेकींना धरून, जशी बायकांच्या रांगेची असते. त्याला हा आवाज ठाऊक होता. बहात्तर साली, तो पाच-सहा वर्षांचा असताना, त्याची आई ताराबाई याच खाणीत खडी फोडायची. बापानं पहारीनं दगड सुटा करायचा, बायकांनी ओळीनं बसून तो फोडायचा. तो टप्प्याच्या सावलीत गोधडीवर पडलेला असायचा आणि ह्या टकटकीत त्याला झोप लागायची. टकटक थांबली की जाग यायची. आईचे तळवे आठवले. एवढेसे, आणि दगडासारखे. ती त्याला कडेवर घ्यायची नाही, पाठीला हात खरखरीत लागले की तो रडायचा, म्हणून ती त्याला पायांच्या तळव्यांखाली हात घालून उचलायची आणि वरच्या टप्प्यावर ठेवायची. तळव्यांना खरखर लागत नसे. ते तिच्या हातांइतकेच निबर होते. हा टप्पा तोच असेल, असं त्याच्या मनात आलं. मग मनात आलं की बायका कुठं बसायच्या? इथंच. ओळीनं. त्यानं डावीकडं पाहिलं नाही. पाहायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, मान फक्त उजवीकडंच वळत होती. डाव्या बाजूचं पाणी उजव्या बाजूपेक्षा जरा ऊबदार होतं. कोणीतरी शेजारी बसलेलं असलं की असतं तसं.

कमरेला हिसका बसला.

त्याला वर काय चाललं असेल ते लख्ख दिसलं, जणू तो त्यांच्यातच उभा होता. मोटार आली. सिदू आला. दोघं संगं उतरले होते, एकच कोयता. मग एक आला आणि एक न्हाई, हे कसं. सिदू सांगत असणार, त्याचं अंग जड हाय, त्याला येळ लागतो. मोहनराव म्हणत असणार, जड माणूस बुडतो, थांबत न्हाई. आणि भिवराबाई नुसती सात दगडांकडं बघत असणार. विहिरीतून येणारा माणूस अर्ध्यात अडला की त्याला आसरांनी धरलं, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि धरलेल्या माणसाला सोडवायची एकच रीत होती: त्यांना विचार करायला वेळ न देता वर ओढायचं. त्यांच्या पद्धतीनं ते त्याचा जीव वाचवत होते. असं प्रेम उत्तरेश्वरला गावात कधी लाभलं नव्हतं. दुसरा हिसका बसला आणि तो बाकावरून उचलला गेला. डावा हात दगडाला धरायला गेला आणि खांद्यात पाचट पेटल्यासारखं झालं. पाणी उजळत होतं. त्याला मंगळूरकडच्या गड्याचा चेहरा दिसला, चहाला साखर कमी आहे म्हणणारा. कमरेखाली उरलेलं आयुष्य बीडच्या दुकानात खुर्चीला लागलेलं दिसलं, विमलबाई एक पाय उचलून चादर काढते आहे, मग दुसरा. त्यानं उजव्या हातानं पट्ट्याची सुरी काढली आणि कमरेचा दोर कापला. दोर सळसळत वर गेला, हलका, घाईनं. तो परत दगडाकडं बुडाला, नळकांडं त्याच्या दोरावरून सोडवून घेतलं आणि छातीशी धरून बसून राहिला. आता वरच्या जगाशी त्याला बांधणारं काही नव्हतं. काठावर सगळ्यांच्या मधे कापलेल्या दोराचं टोक पडलं असेल, त्याच्याकडं बघून भिवराबाईनं आसरांना वाहायला बांगड्या मागितल्या असतील, हे त्याला कळत होतं. टकटक थांबली होती. आणि लहानपणीसारखीच त्याला त्या थांबण्यानं जाग आली. किती वेळ झाला, कळेना. घड्याळाचे आकडे दिसत होते, पण ते कोणा दुसऱ्याच्या अंगाचे वाटत होते. त्यानं आपल्या अंगाच्या नावावर आणखी थोडा वेळ घातला. मग नळकांडं खोल श्वासाला अडखळायला लागलं तेव्हा तो उठला, वरच्या टप्प्यावर आला, उरलेली हवा तिथं बसून संपवली, आणि हाताची बोटं भिंतीवर टेकत टेकत, चालल्यासारखा, उजेडात आला.

लोक काठापासून मागं सरले होते. सात दगडांपुढं हिरव्या बांगड्या, नारळ. मोटार खाणीत परत सोडली होती आणि चालूही केली होती. दुष्काळात मयताला थांबता येतं, पाण्याला नाही. पाइपातून छावणीच्या हौदात धार पडल्याचा आवाज येत होता. उत्तरेश्वरनं तोंडातली नळी काढली आणि "हात द्या," म्हणाला. कोणी हललं नाही. ओळखीचे सगळे चेहरे त्याच्याकडं बघत होते, अनोळखी माणसाकडं बघतात तसे. "हात देऊ नगा," भिवराबाई म्हणाली. आवाज मायेचा होता. "त्यांनी ठिवून घेतल्यालं हाय. आपल्या हातानं आला वर तर आपला. न्हाईतर न्हाई."

"मावशी, मी उत्तरेश्वर. ताराबाईचा."

"ते त्यांलाबी ठावं हाय, बाबा."

तो काठाशी आला. काठ आता छातीइतका उंच होता. मोटार पाणी ओढत होती आणि दगडावरचा ओला पट्टा बोट-बोट रुंद होत होता. सकाळी चौघं लागले होते. आता खांदा मेलेला, पाय थंडीनं सुन्न, आणि सुन्न थंडीनंच का, हे तपासायचा धीर नव्हता. जोर करून चढावं, तर इतका वेळ बसून शांत केलेली हवा जोरानं उसळणार. नुकत्याच वर आलेल्या अंगाला जोर करायची मनाई असते. न चढावं, तर पाणी खाली जाणार आणि तो पाण्याबरोबर. गाव त्याच्यापासून बोटाबोटानं वर चाललं होतं. मोटार बंद करा म्हणावं, तर मागं हौदाशी जनावरं हंबरत होती. त्यानं हात पसरले आणि पाण्यावर उताणा पडून राहिला. जड अंग तरंगतं मात्र छान. "मला घाई न्हाई," तो आभाळाला म्हणाला. लोकांच्या मागून कुठूनतरी सिदूचा आवाज आला: "उत्तऱ्या, थांब. म्या येतो. वरनं हात द्यायचा न्हाई म्हन्ल्यात, खालनं ढकलायचा न्हाई असं कुनी म्हन्लं न्हाई." उत्तरेश्वरला हसू आलं. सहकारात राहून सिदू शहाणा झाला होता. डोक्यामागं पाण्यात धप्प झालं. लाट आली. तो सरळ झाला, उजवा हात काठाच्या दगडावर ठेवला, आणि पाण्याखाली दोन हात त्याच्या पायांच्या तळव्यांखाली आले.

त्यानं जोर केला नाही. करावाच लागला नाही. तळव्यांखालचे हात वर येत राहिले, न थरथरता, थांबत थांबत, तेवढ्याच सावकाश जेवढं त्याच्या अंगाला हवं होतं. आधी छाती काठाला आली, मग पोट, मग गुडघे. पोट दगडावर टेकलं तेव्हा त्यानं पायाची बोटं हलवून पाहिली. हलली. दहाच्या दहा, त्याचीच. तळव्यांना खरखर लागली नव्हती. त्यानं गाल गरम दगडाला लावला आणि सिदूला काहीतरी आचरट बोलावं म्हणून मान वळवली. मान डावीकडं वळली. सिदू लोकांच्या मागं उभा होता. गावातल्या धर्मराज आणि सुंदररावांनी त्याचे दंड दोन्हीकडून घट्ट धरून ठेवले होते, बराच वेळ धरले असावेत, हातांचे वळ उठले होते. कोरडा सदरा, कोरडं धोतर. तो रडत होता आणि शिव्या देत होता, आणि उत्तरेश्वरच्या मागं पाण्याकडं बघताना त्याच्या शिव्या एकेक करत कमी होत गेल्या.

उत्तरेश्वरनं मागं वळून पाहिलं नाही. भिवराबाई पुढं आली, त्याच्याशेजारी उकिडवी बसली. तिनं त्याच्या पोटरीला चिमटा घेतला. तो कळवळला. तिनं दुसऱ्या पोटरीला घेतला. तो पुन्हा कळवळला, आणि आयुष्यात इतकं बरं त्याला क्वचितच वाटलं होतं. तिनं त्याच्या पायांच्या तळव्यांकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि पदरानं ते पुसून काढले.

"कसा आलास रं वर?" तिनं हळूच विचारलं, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं.

"हळूहळू," तो म्हणाला.